दिव्याची जागा : फिरत्या फ्लॅश-ब्रॅकेटचा पूर्वेतिहास आणि त्याची निवड

क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्यांच्या साहित्याच्या यादीत कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक ह्यांच्या खालोखाल अलीकडे एक लहानसे उपकरण मागितले जाते. कॅमेऱ्याच्या तळाशी पडद्याच्या खिळ्यासारखा स्क्रू बसवावयाचा, त्यातून वर एक धातूचा हात जातो, हाताच्या टोकाला फ्लॅशचा दिवा बसतो, आणि कॅमेरा आडव्याचा उभा केला की तो हात सांध्यापाशी वळून दिव्याला पुन्हा भिंगाच्या माथ्यावर आणून ठेवतो. बाजारात ह्याला ‘फिरते ब्रॅकेट’ म्हणतात आणि प्रस्तुत लेखातही तोच शब्द ठेवला आहे. ‘दीपधारक’, ‘प्रकाशबाहू’ असे शब्द घडविता येतील. परंतु यवतमाळच्या कोणत्याही छायाचित्रकाराला ते उलगडून सांगावे लागतील, आणि जो शब्द वापरणाऱ्यालाच समजावून द्यावा लागतो तो कोशात राहतो, कामात येत नाही.

वस्तू क्षुल्लक आहे. परंतु ती का निर्माण झाली हे पाहू गेल्यास छायाचित्रणाच्या इतिहासातील दोन स्वतंत्र प्रवाह तिच्यात येऊन मिळालेले दिसतात. एक प्रवाह चित्राच्या चौकटीच्या आकाराचा. दुसरा प्रकाशाच्या जागेचा. ह्या दोहोंचा विचार केल्यावाचून ब्रॅकेट घ्यावे की न घ्यावे, घ्यावे तर कोणते, ह्याचे उत्तर देता येत नाही. आणि ज्या अभ्यासकाचे छायाचित्र हेच उद्या पुरावा म्हणून पुढे येणार आहे, त्याला तर हा विचार टाळताच येत नाही.

प्रारंभी प्रकाशाची जागा ठरविणे माणसाच्या हाती नव्हते. १८३९ मध्ये डागेरची प्रक्रिया पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी जॉन हर्शेलने इंग्रजीत ‘फोटोग्राफी’ हा शब्द रूढ केला. त्या ग्रीक घटनेत प्रकाश आहे आणि लेखन आहे. मराठीने मात्र ‘छायाचित्र’ म्हटले. संस्कृत ‘छाया’ शब्दात सावली, प्रतिबिंब आणि कांती हे तिन्ही अर्थ असल्यामुळे ही योजना वरवर वाटते तितकी विपरीत नाही. उलट प्रस्तुत विषयापुरते बोलावयाचे तर मराठी शब्दच अधिक चोख आहे, कारण ब्रॅकेटचा सारा खटाटोप प्रकाशासाठी नसून सावलीसाठी आहे. क्रियापदाचीही गंमत पाहण्यासारखी आहे. हिंदी भाषक फोटो ‘खींचतो’, गुजराती भाषक तो ‘पाडतो’, मराठी भाषक ‘काढतो’. आणि काढणे म्हणजे रेखाटणे तसेच आतून बाहेर ओढणे. दादासाहेब फाळके ह्यांनी बडोद्याच्या बाजूस छायाचित्रणाचा व्यवसाय केला तेव्हा, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो ह्या समजुतीमुळे त्यांचे गिऱ्हाईक तुटले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. समजूत भाषेतून आली असे माझे म्हणणे नाही. परंतु चेहऱ्यासमोर यंत्र धरणे ही कृती बसणाऱ्याच्या दृष्टीने कधीच निरुपद्रवी नव्हती, हे मात्र त्यावरून कळते, आणि पुढे त्या यंत्राला डोळे दिपविणारा दिवा जोडला गेला तेव्हा हा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या जुन्या सभासदांपैकी असून स्वतः छायाचित्रकार होते. त्या काळची चित्रे दिवसाच्या उजेडात घेतलेली आहेत. काचेच्या छपराचा चित्रमंदिर, पांढरे पडदे आणि स्थिर बसलेला माणूस ही त्याची सामग्री. अंधाऱ्या जागी मात्र सूर्य नेता येत नाही. मेजर रॉबर्ट गिल ह्याने १८५६ पासून अजिंठा-वेरूळच्या परिसरात छायाचित्रे घेतली आणि १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या ग्रंथात ती प्रसिद्ध झाली. त्यांत लेण्यांची दर्शनी अंगे आणि उजेड पोचतो तेथवरचे मंडप ठळक आहेत, आतील भाग काळोखात बुडत गेले आहेत. दुसऱ्याच वर्षी, १८६५ मध्ये, पियाझी स्मिथ ह्याने इजिप्तमधील महापिरॅमिडच्या पोटात मॅग्नेशियमची तार जाळून छायाचित्रे घेतली. मनुष्याने प्रकाश बरोबर नेला तो असा, आणि त्याच क्षणी ‘तो ठेवावयाचा कोठे’ हा प्रश्न जन्मास आला.

१८८७ मध्ये जर्मनीत मीटे आणि गेडिके ह्यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत प्राणवायू पुरविणारी द्रव्ये मिसळून एकदम भडकणारी पूड तयार केली. न्यूयॉर्कच्या गलिच्छ वस्त्यांची चित्रे ह्याच पुडीच्या उजेडात घेणाऱ्या जेकब रीसने, आपल्या हातून दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लागल्याचे आत्मचरित्रात नमूद केले आहे. अशी पूड भिंगाजवळ ठेवणे शक्यच नव्हते; ती हातभर दूर, तबकडीवर, डोक्याच्या वर धरावी लागे. म्हणजे भीतीमुळे का होईना, दिवा योग्य जागी होता. १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेच्या बंद फुग्यात धातूचा वर्ख आणि प्राणवायू भरलेला बल्ब निघाला. एक बल्ब, एक चित्र. धूर गेला, आगीचे भय पुष्कळ कमी झाले, आणि त्याबरोबर दिवा कॅमेऱ्याच्या अंगाला येऊन चिकटला. १९३१ पासून हॅरॉल्ड एजर्टनने अमेरिकेत विजेच्या विसर्जनावर चालणारा दिवा विकसित केला; त्याची लकेर सेकंदाच्या हजाराव्या अंशात किंवा त्याहूनही आधी संपते. ह्याच दिव्याचे वंशज आज सर्वांच्या कॅमेऱ्यावर आहेत. प्रगतीच्या प्रत्येक पायरीला दिवा सोयीचा झाला आणि भिंगाच्या अधिकाधिक जवळ आला. ह्या जवळिकीची किंमत चेहऱ्यांनी मोजली.

विदर्भाच्या वाचकास येथे एक उदाहरण घरचे वाटेल. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आश्रमात गांधीजींचे नातू लागणारे कनू गांधी ह्यांनी १९३८ च्या सुमारास छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. घनश्यामदास बिर्ला ह्यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरावयाचा नाही, मला बसवून चित्र घ्यावयाचे नाही, आणि आश्रमाने ह्याचा खर्च करावयाचा नाही. कुडाच्या, मातीच्या, झावळ्यांच्या कुटीत खिडकीतून येईल तेवढा उजेड. म्हणून कनूंची पुष्कळशी चित्रे मंद, दाणेदार आणि किंचित हललेली आहेत. तरीही त्या दशकातील गांधीजींच्या दैनंदिन जीवनाचे इतके जवळचे दर्शन दुसरीकडे क्वचित मिळते. अटीतील पहिली केवळ डोळ्यांच्या त्रासापुरती होती असे मानण्याचे कारण नाही. ज्याच्या समोर वारंवार भडका उडतो तो माणूस काम करीत राहू शकत नाही. तो चित्रासाठी बसलेला माणूस होतो. पहिली अट आणि दुसरी अट एकच आहेत.

ह्याच्या जोडीला पुण्याचा प्रसंग ठेवावा. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट चरख्याशी बसलेल्या गांधीजींचे चित्र घेण्यासाठी आली. तिला आधी चरखा शिकावयास लावले, आणि मग केवळ तीन बल्ब उडविण्याची मुभा दिली. तिच्या आठवणींप्रमाणे पहिले दोन वाया गेले, तिसरा साधला. तीन बल्बांचा हा हिशेब आजच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानी घ्यावा. शेकडो वेळा दिवा उडविण्याची सोय असलेला मनुष्य दिव्याच्या जागेचा विचार करीत नाही, तीन बल्ब असलेल्याला तो करावाच लागतो.

कनूंच्या रोलायफ्लेक्समध्ये आमच्या विषयाचा दुसरा धागा आहे. १९२९ मध्ये निघालेल्या त्या कॅमेऱ्याची चौकट चौरस असते, सुमारे सहा सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद. चौरसाला आडवे-उभे नसते. चित्र घेतल्यावर छपाईच्या वेळी हवे तर आडवे कापावे, हवे तर उभे. त्याआधीच्या मोठ्या कॅमेऱ्यांत आयताकृती काच असे. तेथे ग्राफ्लेक्ससारख्या कारखान्यांनी ‘फिरती पाठ’ दिली होती, म्हणजे कॅमेरा जागीच राहून त्याच्या पाठीवरील काचेची चौकट तेवढी आडव्याची उभी होई. ही सोय पुढे १९७० च्या मामिया आरबी ६७ मध्येही टिकली. त्या नावातील ‘आरबी’ ही अक्षरे ‘रिव्हॉल्व्हिंग बॅक’ ह्याच शब्दांची आहेत. ह्या दोन्ही पद्धतींत कॅमेरा वळत नाही, म्हणून दिवाही वळत नाही. फिरत्या ब्रॅकेटची गरजच तेथे उद्भवत नाही.

गरज उत्पन्न केली ती ३५ मिलिमीटरच्या फितीने. १९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला. त्याची चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटर, म्हणजे स्पष्टपणे आडवी. चौरस चित्राचा तिसरा हिस्सा कापून टाकणे परवडते. टपाल तिकिटाएवढ्या चित्रातून कापणे परवडत नाही. म्हणून उभ्या माणसाचे चित्र घ्यावयाचे तर कॅमेराच उभा करणे भाग पडले. कॅमेऱ्याच्या माथ्यावरील खाच मुळात नेमधारक किंवा अंतरमापक बसविण्यासाठी होती. लायकामध्ये दिवा आणि पडदा ह्यांची वेळ जुळविण्याची अंगभूत व्यवस्था १९५० च्या प्रतिमानात आली, आणि पुढे त्या खाचेतच विजेचा संपर्क येऊन दिवा तेथे कायमचा राहावयास आला. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरीत त्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्याला दिव्याची नळी एका अंगास मुठीसारखी असे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला ह्यांनी तो कॅमेरा आणि रोलायफ्लेक्स हे दोन्ही वापरले. परंतु माथ्यावरचा दिवा सोयीचा ठरला आणि मुठीचा मागे पडला. आता कॅमेरा आडवा असताना दिवा भिंगाच्या वर. कॅमेरा उभा केला की तोच दिवा भिंगाच्या कुशीला. आपल्याकडील लग्नांची १९८० नंतरची रंगीत चित्रे पाहावीत. अंतरपाट दूर झाल्यावर उभी राहिलेली जोडी, आणि मागच्या भिंतीवर वराच्या मुंडावळ्यांची, वधूच्या कानाची, एका बाजूला सरकलेली काळी, धारदार दुसरी आवृत्ती. ते ह्या वळण्याचे फळ.

ब्रॅकेट ह्यावर नेमके काय करते, हे गणिताने पाहणे बरे, कारण विक्रेते ‘सावली नाहीशी होते’ असे सांगतात आणि ते खरे नाही. समजा माणूस भिंगापासून २ मीटरवर उभा आहे आणि भिंत त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर आहे. दिवा खाचेत बसला असता भिंगाच्या मध्यापासून सुमारे १२ सेंटिमीटर दूर असतो. समरूप त्रिकोणांनी हिशेब केला तर भिंतीवर सावलीची सरक १२ च्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे ३ सेंटिमीटर भरते. कॅमेरा उभा धरल्यास ही ३ सेंटिमीटरची काळी पट्टी गालाच्या बाजूला दिसते. आता ब्रॅकेटने दिवा २४ सेंटिमीटर वर नेला. सरक ६ सेंटिमीटर झाली. सावली घटली नाही, दुप्पट सरकली! परंतु ती आता खाली सरकली आहे, आणि खाली माणसाचे खांदे आहेत. डोक्याची सावली खांद्यांच्या मागे लपते. ब्रॅकेटचे सारे कर्तृत्व हे एवढेच : सावली पुसण्याचे नव्हे, लपविण्याचे. भिंत दीड मीटर मागे असेल तर खाचेतल्या दिव्याचीही सरक ९ सेंटिमीटर होते आणि ब्रॅकेटची १८. म्हणून माणसाला भिंतीपासून बरेच पुढे आणून सावली चौकटीबाहेर घालविणे हा उपाय ब्रॅकेटइतकाच जुना आहे आणि फुकट आहे. पोडावरच्या झोपडीत मात्र ती जागाच नसते.

दुसरा लाभ डोळ्यांचा. दिवा आणि भिंग ह्यांच्यातील कोन फार लहान असेल तर बाहुलीतून आत गेलेला प्रकाश डोळ्याच्या रक्तवर्णी पडद्यावरून परतून थेट भिंगात येतो आणि बाहुल्या लाल दिसतात. २ मीटरवर १२ सेंटिमीटरचा कोन सुमारे साडेतीन अंशांचा असतो. ४ मीटरवर तो निम्मा होतो. २४ सेंटिमीटरच्या ब्रॅकेटने ४ मीटरवरही साडेतीन अंश राखता येतात. अंधाऱ्या ओसरीत बसलेल्या वृद्ध निवेदकाच्या बाहुल्या आधीच विस्फारलेल्या असतात, तेथे हा फरक डोळ्यांदेखत कळतो.

निवडीचा प्रश्न आता सोपा होतो. फिरत्या ब्रॅकेटच्या दोन जाती आहेत. पहिलीत कॅमेरा हाताने उभा करावयाचा आणि दिव्याचा हात त्याच्यावरून पलटी मारतो. स्ट्रोबोफ्रेम हे अमेरिकन नाव ह्या जातीमुळे परिचित आहे. ही हलकी, स्वस्त आणि हातात धरून काम करण्यास योग्य. दुसरीत दिवा स्थिर राहतो आणि कॅमेराच एका कड्यात किंवा पाळण्यात ९० अंश वळतो. ती जड असते, परंतु भिंगाचा अक्ष जवळजवळ जागचा हलत नाही, म्हणून तिपाईवर लावून एकाच वस्तूची आडवी-उभी चित्रे घेण्यास तीच योग्य. दिवसभर पायी हिंडून घरोघर निवेदक भेटावयाचे असतील तर दुसरी जात घेऊ नये. मनगट दुपारपर्यंत उत्तर देते. कोणतीही घेतली तरी दुकानातच पाच गोष्टी करून पाहाव्यात. सांधा दोन्ही टोकांना खटकन बसतो की डगमगतो. दिव्याचे वजन लावल्यावर हात लवतो काय. कॅमेऱ्याच्या तळाचे बॅटरीचे झाकण ब्रॅकेट न काढता उघडते काय. दिवा खाचेतून निघाल्यामुळे लागणारी जोडतार वळताना ताणली जाते काय. आणि उभ्या स्थितीत दिवा खरोखर भिंगाच्या मध्यरेषेवर येतो की चार बोटे बाजूला राहतो. शेवटची कसोटी बहुतेक स्वस्त ब्रॅकेटांना उतरत नाही. तारेऐवजी रेडिओने चालणारे दिवे आता मिळतात. ते असतील तर तारेची अडचण नाही, बॅटऱ्यांची एक जोडी मात्र वाढते.

येथवर माणसांच्या चेहऱ्यांचे झाले. परंतु आमच्या विभागाचे काम तेवढेच नाही, आणि ज्या कामांना ब्रॅकेट लावू नये ती सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

शिलालेख हे पहिले. कोरलेले अक्षर वाचता येते ते त्याच्या कडेच्या सावलीमुळे; समोरून, भिंगाच्या जवळून प्रकाश टाकला की सावली जाते आणि अक्षरही जाते. तेथे दिवा हाती घेऊन, दगडाच्या पृष्ठाशी जवळजवळ समांतर, एका कुशीने धरावा लागतो. कोणत्या कुशीने, हाही प्रश्न आहे. डेव्हिड ब्रूस्टरने १८२६ मध्येच दाखविले आहे की प्रकाशाची दिशा चुकीची कल्पिली तर खोदलेली आकृती उठावाची भासते. मनुष्याची दृष्टी प्रकाश वरून येतो असे धरून चालते. खालून उजेड दिलेल्या चित्रात अक्षरे दगडातून वर आल्यासारखी दिसू लागतात आणि टवका उडालेला खड्डा हा टिंबासारखा उभा राहतो. यादवकालीन मराठीच्या अभ्यासकाला ह्यातील धोका सांगावयास नको. एका अनुस्वाराने विभक्ती बदलते, लिंग बदलते, क्वचित दान देणारा आणि घेणारा ह्यांची अदलाबदल होते. तो अनुस्वार लेखकाने कोरला, काळाने फोडला की दिव्याने निर्माण केला, हे एका चित्रावरून सांगता येत नाही. निदान दोन विरुद्ध दिशांनी प्रकाश देऊन दोन चित्रे घ्यावी लागतात. कळंबच्या चिंतामणीसारख्या, पायऱ्या उतरून जावयाच्या देवालयात पुजारी आरतीचे तबक मूर्तीसमोर फिरवितो तेव्हा मूर्तीची उंचसखल अंगे एकामागून एक उजळतात. मूर्ती स्थिर, दिवा फिरता. शिलालेखाच्या छायाचित्रकाराने घ्यावयाचा धडा तो.

पोथ्यांचे काम ह्याच्या उलट. महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथी सपाट ठेवून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर सारखे दिवे लावावेत; ब्रॅकेटवरचा एकच दिवा घोटलेल्या कागदाच्या नेमक्या मध्यावर चकाकी पाडतो आणि चार ओळी खाऊन टाकतो.

तिसरे काम आमच्या शास्त्राचे खास. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’ होतो, हे सर्वविदित आहे. परंतु ज्या वृद्ध भाषकांच्या तोंडी दोन्ही उच्चार आहेत त्यांच्या जिभेचा स्पर्श टाळूला नेमका कोठे होतो, हे कानाने ठरत नाही. कोलामी भाषेतील मूर्धन्य वर्णांविषयीही तेच. एमेनोचे कोलामी व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले, ते वर्णव्यवस्थेच्या बाबतीत आजही आधार आहे, परंतु यवतमाळच्या केळापूर, झरी-जामणी भागातील पोडांवरचा उच्चार टाळूच्या चित्रांनी तपासण्यास पुष्कळ वाव आहे. ह्या पद्धतीत जिभेला तेल-कोळशाचा लेप देऊन शब्द उच्चारावयास सांगतात आणि तोंडात लहान आरसा धरून टाळूवर उमटलेला ठसा टिपतात. उघड्या तोंडाच्या पोकळीत उजेड जावयाचा तर दिवा भिंगाला अगदी खेटून हवा. ब्रॅकेटने उंच नेलेला प्रकाश वरच्या ओठावर आणि दातांवर अडतो, आणि ठशाच्या जागी केवळ काळोख येतो. चेहऱ्यासाठी जो दोष तो येथे गुण आहे. अर्थात कोळशाने माखलेले तोंड उघडे ठेवून बसलेल्या वृद्धेवर पंधरा वेळा दिवा उडविणे, हे सेवाग्रामच्या पहिल्या अटीच्या दृष्टीने कसे दिसेल, ते संशोधकाने आधी स्वतःशी ठरवावे; सतत जळणारा मंद दिवा आणि आजच्या कॅमेऱ्यांची वाढलेली संवेदनक्षमता ह्यांनी ते काम पुष्कळदा फ्लॅशविना होते. बिनॉय बहल ह्यांनी १९९१ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रे प्रखर दिव्यांवाचून, अत्यल्प उजेडात टिपली, तीही फितीवर.

विभागाच्या चित्रनोंदीच्या पत्रकात स्थळ, दिनांक, निवेदक आणि भिंग ह्यांचे रकाने आहेत. त्यांत एक रकाना वाढवावा अशी सूचना येथे करतो : दिवा कोठे होता. शब्दांत लिहिण्याची आवश्यकता नाही. चित्राच्या चौकटीसारखा एक छोटा आयत आखून, ज्या बाजूने प्रकाश आला त्या बाजूस पेन्सिलीने बाण काढला आणि शेजारी अंतर सेंटिमीटरांत लिहिले म्हणजे पुरे. फ्लॅश न वापरल्यास आयत रिकामा ठेवून खिडकीची दिशा लिहावी.